मिठाचा खडा आणि चोपण जमीन



मीठ ही घरातील सर्वांत स्वस्त आणि म्हणूनच सर्वांत दुर्लक्षित अशी वस्तू होय. ते नसले म्हणजे अन्न अळणी होते आणि असले म्हणजे त्याची कोणी दखल घेत नाही. परंतु धातू आणि अधातू एकमेकांशी कसे बांधले जातात, या रसायनशास्त्रातील मूलभूत प्रश्नाचे उत्तर या मिठाच्या खड्यात सामावलेले आहे. एवढेच नव्हे, तर कालव्याच्या पाण्याखालील चांगली काळी जमीन काही वर्षांत पांढरी का पडते, तिच्यात पाणी का मुरत नाही आणि ती पुन्हा पिकाखाली कशी आणता येते, या प्रश्नांची उत्तरेही त्याच खड्यातून मिळतात. शाळेच्या फळ्यावरील आयनिक बंध आणि गावच्या शिवारातील चोपण जमीन हे दोन वेगळे विषय नाहीत, हे स्पष्ट करणे हा या व्याख्यानाचा हेतू आहे.

दोन उग्र घटक

मीठ दोन मूलद्रव्यांचे बनलेले आहे. पहिले सोडियम. हा चांदीसारखा चकाकणारा, परंतु सुरीने कापता येण्याइतका मऊ धातू आहे. तो पाण्यापेक्षा हलका असल्याने पाण्यावर तरंगतो. पण तरंगता तरंगता पाण्याशी इतक्या जोराने संयोग पावतो की, त्यातून निघणारा हायड्रोजन वायू पेट घेऊ शकतो. म्हणून प्रयोगशाळेत सोडियम रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात. दुसरे मूलद्रव्य क्लोरीन. हा पिवळसर हिरवा, घसा व फुप्फुसे जाळणारा विषारी वायू आहे. पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र शहराजवळ जर्मन सैन्याने हाच वायू शत्रूच्या खंदकांवर सोडला होता. गावच्या विहिरीत टाकावयाच्या टीसीएल पावडरला जो उग्र वास येतो, तोही क्लोरीनशी संबंधित आहे.

हातात धरता न येणारा धातू आणि श्वासात घेता न येणारा वायू यांच्या संयोगातून रोजच्या जेवणातील मीठ तयार होते. मिठात सोडियम आहे, पण त्याचा भडका नाही. क्लोरीन आहे, पण त्याचे विष नाही. हा बदल कसा घडतो, हे कळण्यासाठी अणूच्या अंतरंगात डोकावले पाहिजे.

या शोधाचा इतिहासही बोधप्रद आहे. इंग्लंडमधील हम्फ्री डेव्ही यांनी १८०७ साली वितळलेल्या कॉस्टिक सोड्यातून विजेचा प्रवाह सोडून प्रथमच सोडियम धातू वेगळा केला. जे बंधन विस्तवाने सुटत नव्हते ते विजेने सुटले. त्या अर्थी ते बंधनही विजेच्याच स्वरूपाचे असले पाहिजे, असा तर्क त्यातून बळावला. डेव्ही यांचे शिष्य मायकेल फॅरडे यांनी १८३४ साली विद्रावातून विजेबरोबर वाहणाऱ्या कणांना ‘आयन’ हे नाव रूढ केले. ‘जाणारा’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते घेतलेले आहे. पुढे स्वीडनचे स्वान्ते अऱ्हेनियस यांनी मीठ पाण्यात विरघळताच त्याचे आयन सुटे होतात, असे प्रतिपादन केले. १८८४ सालच्या त्यांच्या प्रबंधाला विद्यापीठात फारसा मान मिळाला नाही. परंतु त्याच विचाराबद्दल १९०३ साली त्यांना नोबेल पारितोषिक देण्यात आले.

एका इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण

प्रत्येक अणूच्या मध्यभागी धनभारित प्रोटॉन असलेले अणुकेंद्र असते आणि त्याभोवती ऋणभारित इलेक्ट्रॉन कवचांमध्ये असतात. सोडियमच्या अणूत ११ इलेक्ट्रॉन असून त्यांची मांडणी २, ८, १ अशी असते. क्लोरीनच्या अणूत १७ इलेक्ट्रॉन २, ८, ७ अशा मांडणीत असतात. सोडियमच्या शेवटच्या कवचातील एकुलता एक इलेक्ट्रॉन केंद्रापासून दूर असतो आणि आतल्या १० इलेक्ट्रॉनांच्या आडोशामुळे केंद्राची त्याच्यावरील पकड सैल असते. उलट क्लोरीनच्या शेवटच्या कवचात एका इलेक्ट्रॉनाची जागा रिकामी असते आणि केंद्राची ओढ तेथपर्यंत चांगलीच पोहोचते.

सोडियमकडून क्लोरीनकडे एक इलेक्ट्रॉन गेला म्हणजे सोडियममध्ये ११ प्रोटॉन व १० इलेक्ट्रॉन उरतात आणि तो एक धनभार असलेला आयन होतो. क्लोरीनमध्ये १७ प्रोटॉन व १८ इलेक्ट्रॉन होतात आणि तो एक ऋणभार असलेला आयन होतो. त्यास क्लोराइड म्हणतात. दोघांच्याही बाहेरच्या कवचात आता आठ इलेक्ट्रॉन असतात. निऑन आणि अरगॉन या राजवायूंची मांडणी अशीच असते. इलेक्ट्रॉन गमावल्याने सोडियमचा उग्र स्वभाव जातो आणि इलेक्ट्रॉन मिळाल्याने क्लोरीनची हाव संपते. जर्मनीतील वाल्टर कोसेल यांनी १९१६ साली हा विचार सुसंगत रीतीने मांडला.

सामान्यतः धातूंच्या अणूंमध्ये बाहेरचे एक, दोन किंवा तीन इलेक्ट्रॉन सैल असतात आणि अधातूंच्या अणूंमध्ये एक, दोन किंवा तीन जागा रिकाम्या असतात. त्यामुळे धातू आणि अधातू यांच्यात असा व्यवहार सहज घडून येतो.

बंध कशात आहे?

येथे एका सार्वत्रिक गैरसमजाकडे शिक्षकांचे लक्ष वेधणे आवश्यक आहे. ‘सोडियम आनंदाने इलेक्ट्रॉन देतो आणि क्लोरीन आनंदाने घेतो, कारण दोघांनाही आठ इलेक्ट्रॉन हवे असतात’, असे वर्गात सांगण्याची पद्धत आहे. मुलांच्या लक्षात राहण्यास ती सोयीची असली, तरी ऊर्जेचा हिशेब मांडला असता ती टिकत नाही.

पंचायतीचा जमाखर्च मांडावा तसा हा हिशेब मांडता येतो. २३ ग्रॅम सोडियमच्या वायुरूप अणूंपासून प्रत्येकी एक इलेक्ट्रॉन ओढून काढण्यास सुमारे ४९६ किलोज्यूल ऊर्जा खर्ची पडते. तेवढेच इलेक्ट्रॉन क्लोरीनच्या अणूंनी स्वीकारले म्हणजे सुमारे ३४९ किलोज्यूल ऊर्जा परत मिळते. म्हणजे या देवाणघेवाणीतच १४७ किलोज्यूलची तूट आहे. शिवाय घन सोडियमचे अणू सुटे करणे आणि क्लोरीनच्या जोड्या फोडणे यांसाठी सुमारे २२८ किलोज्यूल लागतात. तुटीचा आकडा ३७५ पर्यंत जातो. केवळ देण्याघेण्यावर व्यवहार संपला असता, तर मीठ कधीच तयार झाले नसते.

ही तूट भरून निघते ती पुढच्या पायरीवर. विरुद्ध भारांचे आयन एकमेकांना खेचून घेतात आणि शिस्तीने रचले जाऊन स्फटिक बनतात, त्या वेळी सुमारे ७८७ किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. तूट वजा जाता ४१० किलोज्यूलांहून थोडी अधिक शिल्लक उरते. मीठ इतके टिकाऊ असण्याचे कारण ही शिल्लक होय. तात्पर्य, इलेक्ट्रॉनाची देवाणघेवाण म्हणजे बंध नव्हे. त्या देवाणघेवाणीतून जे विरुद्ध भार निर्माण होतात त्यांचे परस्परांवरील आकर्षण म्हणजे आयनिक बंध होय. जमिनीच्या प्रश्नाकडे वळताना हे वाक्य विशेष उपयोगी पडेल.

स्फटिकातील शिस्त

हे आकर्षण एकाच दिशेने नसते. दिव्याचा प्रकाश जसा चोहोबाजूंस पसरतो, तसा आयनाचा प्रभाव सर्व दिशांना असतो. म्हणून मिठाच्या खड्यात एक सोडियम आणि एक क्लोरीन अशा जोड्या नसतात. प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड आयन असतात आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम. वर, खाली, पुढे, मागे, उजवीकडे आणि डावीकडे अशी ही रचना बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे एकाआड एक पसरत जाते. क्ष-किरणांच्या साहाय्याने ही रचना लॉरेन्स ब्रॅग यांनी १९१३ साली दाखवून दिली. १९१५ साली त्यांना व त्यांचे वडील विल्यम ब्रॅग यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

शेजारच्या सोडियम आणि क्लोराइड आयनांच्या केंद्रांत ०.२८ नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या चतुर्थांशाहून किंचित अधिक अंतर असते. बारीक मिठाच्या एका कणाची बाजू एक तृतीयांश मिलिमीटर धरली, तर तिच्यावर सुमारे दहा लाख आयन एका रांगेत बसतात.

मिठाचे गुणधर्म या रचनेतून उलगडतात. असंख्य आकर्षणे एकाच वेळी सैल करावयाची असल्याने मीठ ८०१ अंश सेल्सियसला वितळते. त्यावर घाव घातला तर ते वाकत नाही, सपाट पृष्ठांवर फुटते. घावाने एक थर किंचित सरकताच धनासमोर धन आणि ऋणासमोर ऋण येतात आणि ते थर एकमेकांना दूर लोटतात. कोरडे मीठ वीज वाहून नेत नाही, कारण त्यातील आयन आपापल्या जागी जखडलेले असतात.

भार वाढला म्हणजे बंधही बळकट होतो. मॅग्नेशियम दोन इलेक्ट्रॉन देतो आणि ऑक्सिजन ते दोन्ही घेतो. दोन धन आणि दोन ऋण भारांच्या या आकर्षणामुळे मॅग्नेशियम ऑक्साइड २,८०० अंशांच्याही वर वितळतो. म्हणून पोलादाच्या भट्ट्यांच्या आतील विटांसाठी तो वापरतात. भिंतींना देण्याचा आणि पानाला लावण्याचा चुना ज्यापासून करतात, त्या कळीच्या चुन्यातही कॅल्शियम आणि ऑक्सिजन यांचा असाच दोन-दोनचा बंध असतो.

मात्र धातू आणि अधातू एकत्र आले की आयनिक बंध होणारच, असा अटळ नियम नाही. ॲल्युमिनियम धातू आणि क्लोरीन अधातू असूनही कोरडा ॲल्युमिनियम क्लोराइड सुमारे १८० अंशांनाच वायुरूप होतो. त्यात इलेक्ट्रॉन पूर्णपणे दिले जात नाहीत, बऱ्याच अंशी वाटून घेतले जातात. तीन भारांचा लहानसा ॲल्युमिनियम आयन शेजाऱ्याचे इलेक्ट्रॉन पुन्हा आपल्याकडे ओढतो, हे त्याचे कारण होय. देणे आणि वाटून घेणे यांच्यामध्ये अनेक पायऱ्या आहेत.

पाण्याचे सामर्थ्य

आठशे अंशांची उष्णता जे बंध सोडवते, ते घोटभर थंड पाणीही सोडवते. पाण्याचा रेणू एकंदरीत भाररहित असला, तरी त्याची ऑक्सिजनची बाजू किंचित ऋण आणि हायड्रोजनची बाजू किंचित धन असते. मीठ पाण्यात पडले म्हणजे पाण्याचे रेणू आपली ऋण बाजू सोडियमकडे आणि धन बाजू क्लोराइडकडे करून त्यांना वेढा घालतात. शिवाय पाण्यात विरुद्ध भारांमधील आकर्षण सुमारे ८० व्या हिश्श्यावर येते. अशा रीतीने आयन एकेक करून सुटतात आणि पाण्यात फिरू लागतात. येथे एक गोष्ट विसरता कामा नये. मीठ विरघळले म्हणजे नाहीसे झाले असे नव्हे. त्याचा बंध सुटला. आयन जसेच्या तसे राहिले.

कोकणच्या किनाऱ्यावरील आणि मुंबई परिसरातील मिठागरांत याच्या उलट क्रिया घडते. समुद्राच्या एक किलोग्रॅम पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. कोंडीत घेतलेले पाणी उन्हाने आटत जाते, तसतसे आयन जवळ येतात आणि पुन्हा बांधले जातात. आधी चुनखडी व जिप्सम खाली बसते, नंतर मीठ, आणि शेवटी मॅग्नेशियमच्या क्षारांचे कडू पाणी उरते. कोणता क्षार आधी बसेल हे त्याच्या विद्राव्यतेवर अवलंबून असते. एक लिटर पाण्यात मीठ सुमारे ३६० ग्रॅम विरघळते, तर जिप्सम जेमतेम दोन ते अडीच ग्रॅम.

मिठागरात पाणी आटवून मीठ मिळवणे हा उद्योग आहे. हीच क्रिया शेतात नकळत घडू लागली म्हणजे ती आपत्ती ठरते.

शेताचे मिठागर होते तेव्हा

नदीचे किंवा विहिरीचे पाणी कितीही गोड लागले, तरी त्यात खडकांतून आलेले सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्लोराइड, सल्फेट आणि बायकार्बोनेट हे आयन थोड्याफार प्रमाणात असतातच. समजा, एका लिटरमध्ये अवघा अर्धा ग्रॅम क्षार असलेले पाणी एका हेक्टरला वर्षभरात एकूण एक मीटर उंचीइतके दिले. हे पाणी एक कोटी लिटर होते आणि त्यातून शेतात पाच टन क्षार येतात. पीक त्यांतील थोडेच उचलते. पाणी पानांतून आणि जमिनीवरून उडून जाते. आयन उडून जात नाहीत. पावसाने आणि निचऱ्याने ते खाली वाहून गेले तरच शेत सुरक्षित राहते.

महाराष्ट्रातील खोल काळ्या जमिनींत चिकणमातीचे प्रमाण मोठे असल्याने पाणी हळूहळू झिरपते. अशा जमिनीला वारेमाप पाणी दिले आणि निचऱ्याची सोय केली नाही, तर भूजलाची पातळी वर चढते. मग केशाकर्षणाने खारे पाणी पृष्ठभागापर्यंत येते, तेथे आटते आणि पांढरा थर मागे ठेवते. हा अनुभव नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या दशकांत नीरा डावा कालवा सुरू झाला आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभीच त्याखालील जमिनी पाणथळ व खारवट होऊ लागल्याने सरकारला निचऱ्याच्या प्रश्नाकडे लक्ष द्यावे लागले. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ, सांगली जिल्ह्यातील मिरज व वाळवा या तालुक्यांतील उसाच्या पट्ट्यातही क्षारपड जमिनीचा प्रश्न परिचित आहे. जे शेत एके काळी गावात सर्वांत अधिक पिकत होते, तेच पडीक टाकावे लागणे याचा अर्थ त्या कुटुंबाला चांगला समजतो.

खारवट आणि चोपण

क्षारपड जमिनीचे दोन मुख्य प्रकार आहेत आणि त्यांतील फरक न ओळखता केलेला उपाय अंगाशी येतो.

खारवट जमिनीत मातीच्या पाण्यात सुटे आयन फार झालेले असतात. अशा पाण्यातून मुळांना पाणी शोषून घेणे जड जाते. ओल दिसत असूनही पीक तहानलेले राहते. या जमिनीवर पांढरा फुलोरा दिसतो, परंतु माती भुसभुशीत असते. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता ४ डेसिसिमेन प्रति मीटरपेक्षा अधिक आणि सामू ८.५ पेक्षा कमी, ही तिची खूण. मातीत किती क्षार आहेत हे विजेने मोजता येते, कारण वीज वाहून नेणारे कण म्हणजे तेच सुटे आयन होत.

चोपण जमिनीचे दुखणे निराळे आहे. चिकणमातीचे सूक्ष्म कण स्वतः ऋणभारित असतात आणि ते धन आयनांना आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवतात. हा मिठाच्या खड्यातील स्फटिक नव्हे, पण आकर्षण त्याच जातीचे आहे. चांगल्या जमिनीत या जागा प्रामुख्याने कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांनी व्यापलेल्या असतात. दोन भारांचा कॅल्शियम मातीच्या कणांना जवळ आणतो. त्यांचे पुंजके बनतात, पुंजक्यांमध्ये पोकळ्या राहतात आणि त्यांतून हवा व पाणी खेळते. सोडियमचा भार एकच असतो आणि तो आपल्याभोवती पाण्याचे वेष्टन बाळगतो. त्याची पकड ढिली असल्याने मातीचे कण एकमेकांपासून सुटतात, पाण्यात पसरतात आणि पोकळ्या बुजवतात. ओली असताना अशी जमीन चिखलासारखी चिकट, तर सुकली म्हणजे दगडासारखी कठीण होते. मातीने धरलेल्या एकूण धन आयनांत सोडियमचा वाटा शेकडा १५ हून अधिक आणि सामू ८.५ हून अधिक असेल, तर ती जमीन चोपण समजावी. दोन्ही दोष एकत्र असणाऱ्या जमिनीही आढळतात.

उपाय आणि त्यांचा क्रम

खारवट जमिनीवर उपाय म्हणजे निचरा करून चांगल्या पाण्याने क्षार धुऊन काढणे. क्षार पाण्यात सुटे झालेलेच असतात. त्यांना बाहेर जाण्यास वाट हवी असते.

चोपण जमीन मात्र नुसत्या धुण्याने सुधारत नाही, कारण सोडियम मातीच्या कणांना बिलगलेला असतो. त्याला हटवण्यासाठी त्याच्याहून घट्ट बसणारा आयन आणावा लागतो. जिप्सम म्हणजे पाण्याचे रेणू सामावलेले कॅल्शियम सल्फेट. ते ओलाव्यात थोडेथोडे विरघळते, त्यातील कॅल्शियम सोडियमची जागा घेतो आणि सुटा झालेला सोडियम सल्फेटबरोबर पाण्यात उतरतो. ते पाणी निचऱ्यावाटे बाहेर गेले पाहिजे. ते शेतातच राहिले, तर जिप्समवरील खर्च वाया जातो. जिप्सम सावकाश विरघळत असल्याने ते बारीक दळून वरच्या थरात मिसळावे आणि जमीन काही काळ ओली ठेवावी. मात्रा किती असावी हे माती परीक्षणावरूनच ठरते.

राज्यातील अनेक काळ्या जमिनींत मुळातच चुनखडी असते. तेथे कॅल्शियम हजर असतो, पण न विरघळणाऱ्या स्वरूपात. अशा जमिनीत गंधक घातल्यास सूक्ष्म जीवाणू त्याचे सल्फ्यूरिक आम्लात रूपांतर करतात आणि ते आम्ल चुनखडीतील कॅल्शियम मोकळा करते. शेणखत आणि ताग, धैंचा यांसारखी हिरवळीची खते कुजताना निर्माण होणाऱ्या कार्बन डायऑक्साइड वायूमुळेही याच दिशेने मदत होते.

क्रमाबद्दल एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. खारवट आणि चोपण हे दोन्ही दोष असलेली जमीन जिप्सम न घालता नुसत्या गोड पाण्याने धुतली, तर सुटे क्षार निघून जातात. पण मातीला चिकटलेला सोडियम मागे राहतो. क्षारांच्या दाटीमुळे आतापर्यंत एकत्र राहिलेले मातीचे कण मग विस्कटतात आणि जमीन पूर्वीपेक्षा अधिक बिघडते. म्हणून परीक्षण आधी आणि उपाय मागाहून, हा नियम मोडू नये. याच प्रश्नांच्या अभ्यासासाठी १९६९ साली स्थापन झालेल्या कर्नाल येथील केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने देशभरात मोलाचे काम केले आहे.

शाळा आणि पंचायत यांचे कार्य

या विषयात शाळेला करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यास मोठ्या साहित्याची गरज नाही. बॅटरीचे सेल, लहानसा एलईडी दिवा आणि दोन तारा घेऊन कोरड्या मिठात व मिठाच्या पाण्यात वीज वाहते की नाही, हे मुलांना दाखवता येते. सेलऐवजी घरातील विजेचा उपयोग मात्र कदापि करू नये. दुसरा प्रयोग शेताशी निगडित आहे. एका पेल्यात पावसाचे पाणी घेऊन त्यात चोपण जमिनीचे सुके ढेकूळ अलगद सोडावे. ढेकळाभोवती गढूळ ढग पसरतो आणि पाणी बराच काळ निवळत नाही. तेच ढेकूळ जिप्समच्या निवळीत सोडले, तर गढूळपणा कमी होतो. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवण्याची रीत घरोघरी परिचित आहे. तुरटीतील ॲल्युमिनियमचे धनभारित कण मातीच्या ऋणभारित कणांना एकत्र आणतात आणि गाळ खाली बसतो. आजीच्या हातातील तुरटी आणि शेतातील जिप्सम यांच्यामागे विरुद्ध भारांचे आकर्षण हे एकच तत्त्व आहे, हे मुलाला समजले की आयनिक बंधाचा धडा पाठ करावा लागत नाही.

पंचायतीचे कार्य यापेक्षा मोठे आहे. जिप्सम एका शेतकऱ्याला आपल्या पैशाने आणता येते. निचरा मात्र एकट्याला करता येत नाही. वरच्या शेतातून निघालेले खारे पाणी खालच्या शेतात शिरले, तर एकाचा उपाय दुसऱ्याचा अपाय होतो. शेतातील चर किंवा जमिनीखालील सच्छिद्र नळ्या यांचे पाणी ओढ्यापर्यंत पोहोचलेच पाहिजे. ओढे गाळाने भरले असतील, बुजवले गेले असतील किंवा त्यांवर अतिक्रमण झाले असेल, तर शिवारातील एकही योजना यशस्वी होणार नाही. म्हणून ग्रामसभेने शिवाराचा निचरा हा सामुदायिक प्रश्न मानावा, जुन्या ओढ्यानाल्यांच्या वाटा मोकळ्या कराव्यात, पांढऱ्या पडू लागलेल्या जमिनींची नोंद ठेवावी आणि त्यांचे माती व पाणी यांचे परीक्षण वेळेवर करून घ्यावे. ठिबक सिंचनाने आणि पाण्याच्या मोजक्या पाळ्यांनी शेतात येणारे क्षारच कमी होतात, हेही शेतकऱ्यांच्या मनावर बिंबवले पाहिजे. पाणी अधिक म्हणजे पीक अधिक, ही समजूत काळ्या जमिनीत फार काळ खरी ठरत नाही.

अधिकाऱ्यांनी आपल्या शिफारशीमागील कारण शेतकऱ्याला त्याच्या भाषेत सांगितले, तर त्या शिफारशीचे मोल वाढते. ‘एकरी इतके जिप्सम टाका’ या वाक्याने हुकूम पोहोचतो; ‘सोडियमला उठवून त्या जागी कॅल्शियम बसवायचा आहे आणि उठलेल्याला शिवाराबाहेर घालवायचे आहे’ या वाक्याने ज्ञान पोहोचते. ज्याला कारण कळले, तो निचरा केल्यावाचून जिप्सम टाकणार नाही.

एक इलेक्ट्रॉन इकडून तिकडे जातो, त्यातून दोन भार निर्माण होतात आणि ते एकमेकांना धरून ठेवतात. या साध्या नियमावर मिठाचा खडा उभा आहे आणि शेताचा पोतही. धरून ठेवणारा आयन कोणता, त्याला सोडवणारे पाणी किती आणि सुटलेल्याला वाट कोठे, या तीन प्रश्नांचा विचार ज्या गावात वेळेवर होईल, त्या गावाची काळी जमीन पुढच्या पिढीच्या हातीही काळीच राहील.